डिमेन्शियाचे निदान झाले, आता सांभाळायला मदत कुठे शोधायची?

सांजवात (पुणे), ३ फेब्रुवारी

माझी आई ७८ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातील एका शाळेतून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, आमच्याकडे कोथरूडला राहते. दीड वर्षापूर्वी एका सकाळी तिने दूधवाल्याचे महिन्याचे पैसे तीनदा दिले. तिसऱ्या खेपेला तो बिचारा स्वतःच जास्तीचे पैसे परत करायला वर आला, तेव्हा आमच्या प्रथम लक्षात आले की हा नेहमीचा विसराळूपणा नव्हे. नंतर कुकर गॅसवर ठेवून देवळात जाणे झाले, शेजारच्या इमारतीत आपले घर शोधणे झाले, आणि अख्ख्या वर्गाची हजेरी तोंडपाठ असणाऱ्या बाईला नातीचे नाव आठवेनासे झाले. मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय, बी-१२, थायरॉइड अशा तपासण्या करून अल्झायमरचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचे सांगितले, डोनेपेझिलची गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितले.

माझा प्रश्न त्या तीन महिन्यांविषयी आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलगी दहावीत आहे. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत सकाळी आठ ते रात्री आठ अशा बारा तासांसाठी मावशी ठेवून पाहिल्या. पहिल्या मावशी दिवसभर मोबाइलवर मालिका पाहत बसत. दुसऱ्या खरोखर चांगल्या होत्या, पण आईने त्यांच्यावर बांगड्या चोरल्याचा आळ घेतला (बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या) आणि चौथ्या दिवशी त्या रडत निघून गेल्या. ब्यूरोने घेतलेले महिन्याचे कमिशन परत केले नाही. नाशिकला राहणारा भाऊ म्हणतो की म्हातारपणी असे व्हायचेच, तू उगाच बाऊ करतेस.

मावशी ठेवणे आणि वृद्धाश्रमात पाठवणे या दोन टोकांच्या मधे काही सोय असते का? असल्यास ती शोधायची कुणाकडे? आणि आईच्या निवृत्तिवेतनाचे, ठेवींचे आणि गावाकडच्या घराचे व्यवहार ती अजून सही करू शकते आहे तोवर कसे मार्गी लावावेत? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


ओवी_क (ठाणे), ३ फेब्रुवारी

सांजवात, माझ्या सासऱ्यांना आम्ही आठ वर्षे सांभाळले. त्यांपैकी सहा वर्षे घरी आणि शेवटची दोन एका निवासी केंद्रात. आमच्या हातून पहिल्याच महिन्यात झालेली चूक तुमच्याकडेही झालेली दिसते, म्हणून आधी तीच सांगते. मदत नेमकी कोणत्या कामासाठी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी हवी आहे हे न ठरवता आम्ही ब्यूरोला फोन केला, आणि ब्यूरोने त्यांच्याकडे जे होते ते पाठवले.

आमच्या डॉक्टरांनी नंतर एक साधे काम सांगितले. आठवडाभर एका वहीत तासातासाने टिपून ठेवायचे की माणूस काय करत होता, केव्हा बिथरला, त्याआधी काय घडले होते. ती वही पाहिल्यावर कळले की आबांची सकाळ अगदी शांत जात असे. खरा गोंधळ दिवेलागणीला सुरू होई. साडेपाच वाजले की पिशवी भरून ‘मला घरी जायचंय’ म्हणत ते दाराशी उभे राहत आणि हे नऊपर्यंत चाले. आम्ही मात्र सकाळी आठला मावशी बोलावत होतो आणि ऐन संध्याकाळी थकलेल्या मावशींची घरी निघण्याची वेळ होत होती. वेळ बदलून दुपारी एक ते रात्री नऊ केली आणि निम्मी भांडणे मिटली. संध्याकाळी घरातले दिवे बाहेर अंधारण्याआधीच लावणे आणि टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवणे हे दोन उपायही त्याच वहीतून सुचले.

दुसरी गोष्ट मावशींच्या निवडीची. ब्यूरोकडच्या बहुतेक बायका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे काम शिकलेल्या असतात. स्पंज, डायपर, नळीने अन्न देणे, कूस बदलणे ही कामे त्या उत्तम करतात. परंतु चालता-फिरता, दिसायला धडधाकट आणि दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न विचारणारा माणूस समोर आला की काय करायचे हे त्यांना कुणी शिकवलेलेच नसते. मग त्या मोबाइल पाहतात, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे रुग्णाला काही करायची गरज नसते. आमच्याकडे पाच वर्षे टिकल्या त्या बाई पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या. नर्सिंगचे त्यांना काही येत नव्हते, पण न चिडता विषय बदलणे त्यांना येत होते, आणि मधल्या टप्प्यात गरज त्याचीच असते.

नव्या मावशींची ओळख ‘तुला सांभाळायला आल्या आहेत’ अशी करून देऊ नका. तुमच्या आई मुख्याध्यापिका होत्या. मावशींना त्यांच्याकडे काही शिकायला आलेली बाई म्हणून आणून पाहा. चोरीच्या आळाबद्दल त्यांना पहिल्याच दिवशी, आईंच्या मागे, स्पष्ट सांगा की हा आजाराचा भाग आहे आणि तुमच्यावर आमचा संशय नाही. सोने लॉकरमध्ये ठेवा आणि हातात खोट्या बांगड्या राहू द्या.

ब्यूरोशी बोलताना कमिशन एकदाच घेणार की दरमहा, मावशी आठ दिवसांच्या आत गेल्यास बदली देणार की पैसे परत करणार, पोलीस पडताळणी कुणी केली आहे आणि सणासुदीच्या सुट्टीत कोण येणार, एवढे तरी लेखी घ्या. तोंडी आश्वासन गणपतीत आणि दिवाळीत कामास येत नाही.


मनोमन (सोलापूर), ४ फेब्रुवारी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. आईंना न तपासता उपचारांबद्दल काही सांगणे योग्य होणार नाही, म्हणून सेवांबद्दलच लिहितो.

भावाच्या ‘असे व्हायचेच’ या वाक्यापासून सुरुवात करू. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींचा देशव्यापी नमुना घेऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना. शंभरातल्या बाकी ९२ जणांना तो नाही, म्हणजे ते वयाचे अटळ फळ नव्हे. याच अभ्यासात हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. सेवा मात्र नेमक्या उलट्या बाजूला, मोठ्या शहरांत, एकवटलेल्या आहेत. त्यामुळे ‘सोय शोधणे’ हे काम आपल्याकडे कुटुंबाच्याच डोक्यावर येते.

शोधाची सुरुवात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेपासून करावी. तिचे आद्याक्षरी नाव ‘एआरडीएसआय’ असे आहे. १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेल्या या संस्थेच्या शाखा महाराष्ट्रातही आहेत. आपल्या भागातील काळजीवाहकांचे आधारगट, प्रशिक्षण आणि केंद्रे यांची माहिती त्यांच्याकडून मिळू शकते. तुम्ही पुण्यात आहात, तेथे दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या मेमरी क्लिनिकचे, म्हणजे स्मरणशक्तीच्या तक्रारींसाठीच्या बाह्यरुग्ण विभागाचे, काम जुने आहे. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने डिमेन्शियाग्रस्तांसाठी दिवसाचे केंद्र चालवले आहे आणि वसई-विरार पट्ट्यात सिल्व्हर इनिंग्जचे निवासी काम आहे. अशा केंद्रांच्या जागा, वेळा आणि शुल्क बदलत राहतात, त्यामुळे आधी फोन करून, रुग्णाला न नेता, एक चक्कर मारून यावे.

सरकारी बाजूने १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत चालते आणि मराठीत बोलता येते. निराधार किंवा हरवलेल्या वृद्धांबाबतही तिचा उपयोग होतो. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवर सल्ला देणारी, सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा उपयोग मी रुग्णापेक्षा रुग्णाला सांभाळणाऱ्यांना अधिक सुचवतो. रात्री दोन वाजता आईवर हात उगारावासा वाटला म्हणून स्वतःच घाबरलेली मुलगी कुणाशी तरी बोलू शकली पाहिजे, आणि ती नेमकी त्या वेळी शेजाऱ्यांकडे जाऊ शकत नाही.

दिवसाची केंद्रे कमी का, याचे कारण पैशांपेक्षा प्रवासात आहे. केंद्र चालवणे जमते. पण सकाळी दहा घरांतून दहा माणसांना, जी दारात चप्पल घालतानाही बिथरू शकतात, गाडीत बसवून आणणे आणि दिवसभर त्यांना वेळेवर स्वच्छतागृहात नेणे यासाठी माणसे पुरत नाहीत. सुरुवातीच्या टप्प्यात असाल तर महापालिकेचे विरंगुळा केंद्र किंवा जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ हीच सर्वांत जवळची दिवसाची सोय असते. तेथील एखाद्या जबाबदार व्यक्तीला निदान सांगून ठेवावे. लपवू नये.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. आई दोन-तीन दिवसांत एकाएकी खूप बिघडल्या, झोपाळल्या किंवा त्यांना नसलेली माणसे दिसू लागली, तर ‘आजार वाढला’ असे समजून मावशींचे तास वाढवू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, पडल्यामुळे डोक्यात झालेला रक्तस्राव अशी उपचार होण्यासारखी कारणे त्यामागे असतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या या वयात स्वतःच असा गोंधळ निर्माण करतात.


खतावणी (नागपूर), ४ फेब्रुवारी

मी बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी आहे आणि पत्नीच्या आजारात हे सर्व स्वतः केलेले आहे. कागदपत्रांच्या प्रश्नाला उत्तर देतो. तुम्ही ‘अजून सही करू शकते आहे तोवर’ असे लिहिले, हे वाक्य फार मोलाचे आहे, कारण बहुतेक लोक सही थांबल्यानंतर विचारतात.

सर्वसाधारण समजूत अशी की आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतले की काम झाले. तसे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ज्याने अधिकार दिला ती व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्यारीच संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही कागद केला त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. अक्षमतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र काही देशांत असते, आपल्याकडे तशी तरतूद नाही.

म्हणून आज करण्याजोगे असे आहे. आईंची बचत आणि मुदत ठेव खाती, त्यांना समजावून सांगून आणि त्यांची इच्छा असल्यास, तुमच्याबरोबर संयुक्त करावीत आणि व्यवहाराची अट ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशी ठेवावी. मुदत ठेवींच्या बाबतीत ही सूचना वेगळी लिहून द्यावी लागते, पुष्कळ लोक ती द्यायचे विसरतात. सर्व ठिकाणी नामनिर्देशन तपासावे, मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते, ती केवळ पैसे स्वीकारणारी असते, हे भावाला आणि तुम्हाला दोघांनाही ठाऊक असू द्या. मृत्युपत्र करायचे असल्यास त्याच दिवशीचे, व्यक्ती व्यवहार समजण्याच्या स्थितीत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे आणि दोन साक्षीदार शक्यतो कुटुंबाबाहेरचे असावेत. निदान झाले म्हणजे मृत्युपत्र करण्याची क्षमता त्याच क्षणी संपली असे कायदा मानत नाही, परंतु पुढे वाद झाला तर हेच प्रमाणपत्र उपयोगी पडते. भावाला या सगळ्याची आधी कल्पना द्या, शक्य झाल्यास समोर बसवून करा.

हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना नोव्हेंबरमध्ये रांगेत उभे करण्याची गरज नाही. जीवन प्रमाणची डिजिटल सोय घरबसल्या चेहऱ्याच्या ओळखीवरही चालते. शिवाय ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्याव्यात असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेले आहे. शाखेत हे माहीत नसल्याचा आव आणला जातो. तेव्हा तोंडी वाद न घालता अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

हे काही न करता क्षमता संपली, तर मार्ग लांबचा आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला तेव्हा ती उरली नाही. या कायद्यात उपचारांच्या निर्णयांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो आईंची ठेव मोडू शकत नाही. परिणामी कुटुंबांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पती, पत्नी किंवा मुलांना पालक नेमलेले आहे, परंतु त्यात वेळ आणि वकिलाचा खर्च दोन्ही जातात. माझ्या पत्नीच्या नावावरच्या एका ठेवीसाठी मी चौदा महिने घालवले. मी बँकेचाच माणूस होतो, तरीही.

शेवटी आयकर. जुन्या करप्रणालीनुसार विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० डीडीबी खालील आजारांच्या यादीत डिमेन्शियाचे नाव स्पष्टपणे आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहून दिल्यास ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारखर्चावर एक लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. चार्टर्ड अकाउंटंटला आठवण करून द्यावी लागते, ते आपणहून विचारत नाहीत.


माणदेशी (आटपाडी), ५ फेब्रुवारी

वरील सर्व माहिती उत्तम आहे, परंतु आमच्याकडे ब्यूरो नाही, मेमरी क्लिनिक नाही आणि मेंदूविकारतज्ज्ञ सांगलीला आहेत. माझ्या आजीला गावात ‘चळ लागला’ म्हणत होते. तिला दोनदा देवऋष्याकडे नेऊन झाल्यावर मी सांगलीला नेले. जाण्या-येण्यात आणि तपासण्यांत दोन दिवस आणि तीन माणसांची मजुरी गेली. राज्यातील जिल्हा रुग्णालयांत मेमरी क्लिनिक चालवण्याचे आरोग्य विभागाने काही वर्षांपूर्वी जाहीर केले होते, म्हणून जाण्याआधी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात वार आणि वेळ विचारून घ्यावी, एवढे मी अनुभवाने सांगतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक काही ठराविक दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही येते. गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंना तो दिवस माहीत असतो. आमची पुढची औषधे त्यातूनच सुरू राहिली.

७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून मिळाले, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. आजीला सांभाळायला चुलतीने शेतातले काम सोडले, त्या नुकसानीची भरपाई कोणत्याच कार्डावर होत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना सहायक साधनांसाठी तीन हजार रुपये एकदाच मिळतात. त्यातून आम्ही काठी आणि कमोडची खुर्ची घेतली.

आम्ही केलेली एक गोष्ट मात्र शहरात जमणार नाही असे मला वाटते. एसटी स्टँडवरचा चहावाला, गुरव, पिठाची गिरणी आणि शाळेचे शिपाई अशा चौघांना आजीची ओळख करून दिली आणि ‘ती एकटी दिसली तर अडवू नका, सोबत चालत राहा आणि मला फोन करा’ एवढेच सांगितले. ती तीन वर्षांत सात वेळा घरातून निघून गेली आणि सातही वेळा तासाभरात परत आली.


ओवी_क (ठाणे), ५ फेब्रुवारी

माणदेशी, शहरातही जमते. सोसायटीचे सुरक्षारक्षक, इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा रिक्षा स्टँड हे आमचे चौघे होते. आबांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला फोन क्रमांक शिवलेला असे, कारण गळ्यातले कार्ड ते काढून टाकत.


म्हापसेकर (गोवा), ६ फेब्रुवारी

मनोमन यांनी शहर आणि खेडे यांतील दरीविषयी लिहिले, त्याला जोडून एक नोंद करतो. गोव्यात या प्रश्नावर एक महत्त्वाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबे त्यात सहभागी होती. तज्ज्ञ डॉक्टर घरोघरी पाठवणे शक्य नाही हे गृहीत धरून, स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन गृहभेटींसाठी नेमले गेले आणि त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ राहिले. या भेटींत आजार म्हणजे काय हे समजावणे, बिथरलेल्या माणसाशी कसे वागावे हे दाखवणे आणि घरातील इतरांना कामाची वाटणी करायला लावणे एवढेच मुख्यतः होते. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य ज्या कुटुंबांना भेटी मिळाल्या त्यांच्यात चांगले आढळले.

मला यातले सर्वांत महत्त्वाचे काम वाटणी करायला लावणारे वाटते. बहिणीने सांगून न ऐकणारा भाऊ बाहेरच्या माणसाने घरी येऊन सांगितल्यावर ऐकतो, हा आमच्या घरचाही अनुभव आहे. सांजवात यांनी नाशिकच्या भावाला डॉक्टरांच्या पुढच्या भेटीस बोलवावे आणि स्वतः त्या वेळी शक्य तितके कमी बोलावे.


दूरस्थ (न्यू जर्सी), ७ फेब्रुवारी

माझे वडील डोंबिवलीत होते आणि मी येथे. तीन वर्षे मावशी, बदली मावशी, कॅमेरा आणि शेजारच्या काकू यांच्या आधाराने चालवले. कॅमेऱ्यामुळे मला दिसत असे, पण करता काही येत नसे. रात्री साडेतीनला स्क्रीनवर वडील पँट उलटी घालण्याचा प्रयत्न करत आहेत आणि मावशी गाढ झोपल्या आहेत, हे पाहत मी ऑफिसच्या बैठकीत बसलेलो असे. शेवटी त्यांना निवासी केंद्रात ठेवले. त्यापूर्वी दोन सुट्ट्यांत मी नऊ जागा पाहिल्या, त्या अनुभवावरून लिहितो.

अनेक साध्या वृद्धाश्रमांच्या नियमांतच ‘स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश’ असे असते. काही ठिकाणी निदान लपवा, असे आडून सुचवण्यात आले. तसे करू नये, कारण दोन महिन्यांत ‘घेऊन जा’ असा फोन येतो. जेथे डिमेन्शियासाठी स्वतंत्र विभाग आहे असे सांगितले जाते तेथे सकाळी अकराला नव्हे, संध्याकाळी सहाला जावे. सकाळी सर्वत्र फुले, प्रार्थना आणि कॅरम असतो. संध्याकाळी सहाला किती कर्मचारी आहेत आणि रहिवासी खुर्चीला बांधलेले आहेत का, हे दिसते. रात्रीच्या पाळीत किती जणांमागे एक माणूस आहे हे विचारावे. पडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, कुटुंबाला किती वेळात कळवतात, झोपेचे औषध सुरू करण्याआधी विचारतात का, आणि रुग्ण पूर्ण अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की परत पाठवतात, या प्रश्नांवर काही संचालक चिडले. मी त्या जागा तेथेच सोडल्या. अनामत रकमेचा कागद नीट वाचावा. एका ठिकाणी सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाल्यास रक्कम परत मिळणार नाही असे बारीक अक्षरात लिहिले होते.

आणखी एक, जे फारसे कुणी विचारत नाही: केंद्र आठ-पंधरा दिवसांसाठी तात्पुरते ठेवून घेते का? काही केंद्रे घेतात. कायमचा निर्णय घेण्याआधी अशी एक खेप करून पाहणे दोन्ही बाजूंना फायद्याचे ठरते, आणि घरच्यांना सलग झोपही मिळते.


स्पष्टवक्ता (पुणे), ७ फेब्रुवारी

सर्वांचा आदर राखून लिहितो. आपल्या पिढीला शिकवून मोठे करणाऱ्या आईला परक्या हातांत देण्याची चर्चा इतक्या सहजपणे व्हावी, याचे वाईट वाटते. आमच्या आजोबांना असेच झाले होते आणि शेवटपर्यंत घरीच सांभाळले. कोणतीही केंद्रे तेव्हा नव्हती.


ओवी_क (ठाणे), ७ फेब्रुवारी

आपल्या आजोबांना घरी कुणी सांभाळले? मी हा प्रश्न उपरोधाने विचारत नाही. आमच्या घरीही ‘आम्ही सांभाळले’ असे सर्वजण म्हणतात, आणि ती ‘आम्ही’ म्हणजे प्रत्यक्षात मी होते. सहाव्या वर्षी आबांनी मला ओळखणे पूर्ण थांबवले होते. आंघोळीला नेताना ते मला परकी बाई समजून मारत आणि माझ्या मनगटाचे हाड मोडले. केंद्रात दोन पुरुष कर्मचारी त्यांना आंघोळ घालत, तेव्हा ते शांत असत, कारण त्यांना लाज वाटत नसे. ही गोष्ट आम्हाला सहा वर्षांत सुचली नव्हती. केंद्रात ठेवल्यानंतर मी दर मंगळवारी आणि शनिवारी त्यांच्यापाशी जाऊन बसत असे आणि किती वर्षांनी केवळ त्यांची सून होते.

घर की केंद्र हे प्रत्येक घराने आपल्या माणसाकडे आणि आपल्या ताकदीकडे पाहून ठरवावे. तेव्हा केंद्रे नव्हती हे खरे आहे. तेव्हा अशा माणसांना खोलीत कडी घालून ठेवत, हेही आमच्या वाड्यात मी पाहिलेले आहे.


स्पष्टवक्ता (पुणे), ८ फेब्रुवारी

आजीने आणि माझ्या आईने सांभाळले. आपला मुद्दा लक्षात आला. आज आईला विचारले, तर ती बराच वेळ काही बोलली नाही.


सांजवात (पुणे), २ मार्च

महिनाभर लिहू शकले नाही, क्षमस्व. काय काय झाले ते क्रमाने लिहिते, कारण पुढे कुणी शोधत आले तर उपयोग होईल.

वही लिहिली. आईचा त्रासाचा काळ दुपारी साडेतीन ते सहा असा निघाला, म्हणजे शाळा सुटण्याची वेळ. ती त्या वेळी दप्तरे, चाव्या आणि कुलपे शोधत असते. आम्ही ब्यूरो सोडून दिला आणि आधारगटातील एका ताईंच्या ओळखीने एक बाई मिळाल्या, ज्या पाळणाघरात काम करत होत्या. त्या दुपारी बारा ते रात्री आठ येतात. ओवीताईंनी सुचवल्याप्रमाणे त्यांना ‘लिहायला शिकायला आलेल्या’ म्हणून आणले. आई रोज साडेतीनला त्यांना शुद्धलेखन घालते आणि लाल पेनने तपासते. काल तिने त्यांना दहापैकी चार गुण दिले आणि पालकांना भेटायला आणण्यास सांगितले. मावशी म्हणाल्या की पालक गावी गेले आहेत.

खतावणी काकांच्या सांगण्याप्रमाणे दोन खाती संयुक्त झाली. शाखेत ठेवीची सूचना वेगळी द्यावी लागते हे आम्हीच त्यांना सांगितले. मृत्युपत्राबद्दल आईशी एका चांगल्या सकाळी बोलले. तिने गावचे घर दोघांना समान असे स्पष्ट सांगितले आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भाऊ त्या दिवशी येणार आहे. मागच्या भेटीला तो आला होता, मी काही बोलले नाही. डॉक्टरांनी आईला घड्याळ काढायला सांगितले, तिने वर्तुळ काढले आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीने लिहिले. परत जाताना तो जिन्यात बराच वेळ थांबला, आणि आता मे महिन्यात तीन आठवडे तिला नाशिकला नेतो म्हणतो आहे.

त्यावरूनच माझा पुढचा प्रश्न. जागा बदलल्यावर आई बिथरेल अशी मला भीती वाटते, पण भावाला नाही म्हणायचे माझ्या जिवावर येते, आणि मला त्या तीन आठवड्यांची गरजही आहे. कुणी आपल्या माणसाला असे दोन घरांत आलटून-पालटून ठेवले आहे का? सोबत तिचे नेमके काय न्यावे, आणि मावशींना पहिले काही दिवस तिच्याबरोबर पाठवावे का?


खतावणी (नागपूर), २ मार्च

पाठवावे. पहिले चार दिवस तरी. पत्नीला मुलीकडे नेले तेव्हा आम्ही तिची उशी, रोजचे पांघरूण, पाण्याचा तांब्या आणि देवघरातली समई नेली होती, आणि पलंग घरच्यासारखाच, भिंत डाव्या हाताला येईल असा लावला होता. रात्री उठल्यावर तिला स्वच्छतागृह उजवीकडे असायची सवय होती. भावाच्या घरात आधी एकदा जाऊन ते पाहून या आणि वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावायला सांगा. लाल पेन विसरू नका.